सावकाश जाण्याची मुभा

पाठ नीट टेकता येईल अशा खुर्चीत बसा. समोर एखादं बुटकं स्टूल असेल तर पाय त्यावर ठेवा. एखादा पाय हाताने उचलून ठेवावा लागत असेल तर तसा ठेवा, कसलीही घाई नाही. डोळे उघडेच राहू द्या. हे मनन सायकलचं आहे, आणि सायकलवर डोळे मिटून चालत नाही.

एके काळी तुम्ही सायकल चालवत होता. मग अर्धांगाचा झटका आला, किंवा अपघात झाला, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसने पायांतली खात्री हळूहळू काढून घेतली. त्याची उजळणी आत्ता करायची नाही. सायकल आठवा. तासावर भाड्याने आणलेली, मधल्या दांडीखालून पाय घालून शिकलेली. मांड्यांना, पोटऱ्यांना, तळपायांना विचारा, ती आठवते का. उत्तर येईपर्यंत थांबा.

त्या आठवणीत पडण्याची भीतीही कुठेतरी असेल. ती जरा जवळून पाहू. दोन चाकांची सायकल चालती असते तोवरच उभी असते. वेग फार कमी झाला की हँडल डगमगतं, आणि थांबायचं म्हटलं की पाय टेकावा लागतो. म्हणजे दोन चाकांवर थोडातरी वेग सक्तीचा असतो. पाय वेळेवर टेकत होता तेव्हा ही सक्ती कधी जाणवली नाही. पायाचा भरवसा गेला आणि तिच्याखेरीज दुसरं काही दिसेना. पुष्कळांना पायडल मारता येत असतं, तरी सायकल सुटते, कारण थांबता येत नाही. तुमचंही तसंच झालं होतं का, ते शांतपणे आठवून बघा.

आता बसल्या जागी खुर्चीखाली तीन चाकं आणा. दोन पुढे, पोटऱ्यांच्या दोन्ही अंगांना. एक मागे, पाठीमागे. आसन इतकं खाली आहे की हात सोडला तर बोटं जमिनीला लागावीत. पायडलं समोर, पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाला. हँडल छातीसमोर नाही, ते मांड्यांच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि हात तिथे आपसूक पडलेले आहेत. खांदे सैल सोडा. मनगटांवर भार नाही, मानेवर नाही. ही रिकम्बंट ट्राइक, मागे रेलून चालवायची तीनचाकी. (इतक्या खालून उठणं हे बसण्यापेक्षा अवघड असतं. गुडघे साथ देत नसतील तर पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेली, उंच आसनाची तऱ्हा आधी बघावी. आणि बसताना-उठताना पार्किंगचा ब्रेक लावलेला असलाच पाहिजे.)

पाय पायडलला बांधून घ्यायचे आहेत. बांधणं म्हटलं की मन दचकतं, दचकू द्या. इथे सुटा पाय हाच मोठा धोका आहे. तो घसरून जमिनीला लागला आणि गाडी पुढे गेली, तर पाय आसनाखाली ओढला जातो. म्हणून टाचेला कड, वर पट्टा, गरज असेल तर पोटरीपर्यंत आधार. एक हात अधू असेल तर दोन्ही ब्रेक एकाच मुठीवर घेता येतात, गिअरही त्याच बाजूला आणता येतात.

आता फक्त दुबळ्या पायाकडे लक्ष द्या. दोन्ही पायडलं एकाच आसावर आहेत, त्यामुळे चांगला पाय ढकलतो तेव्हा दुबळा पायही फिरतो. घरात फरफटणारा, उंबऱ्याला अडकणारा तो पाय इथे पूर्ण वर्तुळ काढतो आहे. तो किती जोर लावतो हे मोजू नका. नुसता फिरू द्या. श्वास त्याच्या लयीत आणायचा प्रयत्नही नको, थोड्या वेळाने येईल तर येईल.

ब्रेक सोडा. पाठीने आसन मागे रेटा, म्हणजे पाय पुढे ढकलतील. उभं राहून पायडल मारायची सोय इथे नाही, त्यामुळे चढावर अंगाचं वजन कामी येत नाही. हलका गिअर टाका आणि पाय झरझर फिरवा. जड गिअर गुडघ्यांवर सूड उगवतो. मोटर बसवून घेतली असेल तर ती लावा. माझं मत स्पष्ट आहे, मोटर लावण्यात काहीही कमीपणा नाही.

चढाच्या मध्यावर, अगदी तीव्र जागी, थांबा. ब्रेक दाबा. काही झालं नाही. पाय टेकावा लागला नाही, तोल गेला नाही, उतरावं लागलं नाही. तुम्ही रस्त्याच्या कडेला पाठ टेकून बसला आहात आणि श्वास घेत आहात. मनात धरून ठेवावी अशी जागा ही आहे. इथे मुंगीच्या पावलांनी जाता येतं आणि हवं तिथे थांबता येतं.

ज्यांना लहानपणी पोलिओ झाला त्यांना याचं मोल अधिक कळेल. भारतात पोलिओच्या नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, पण पोलिओ होऊन गेलेली माणसं आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना पंधरा-वीस, कधी चाळीस वर्षांनी स्नायूंचा नवा अशक्तपणा आणि विचित्र थकवा गाठतो. जिद्दीने रेटलं की तो वाढतो. आयुष्यभर ज्यांना ‘हिंमत सोडू नकोस’ असंच सांगितलं गेलं, त्यांना आता थकण्याच्या आधी थांबायला शिकावं लागतं. मला हे फार कठीण शिक्षण वाटतं, आणि थांबलं तरी न पडणारं वाहन त्यात खरी मदत करतं.

वळण येतंय. वेग आधीच कमी करा. ही गाडी वळताना कलत नाही. वेगात वळलात तर आतल्या बाजूचं चाक उचलेल. धड आतल्या अंगाला झुकवा. मान वळत नसेल तर आरशात बघा. मागे उंच काठीवर झेंडा फडफडतो आहे, कारण ट्रकवाल्याच्या नजरेला तुम्ही खाली आहात. खड्ड्यांचंही सांगायला हवं. दोनचाकी एकच वाट काढते, ही तीन वाटा काढते. एक चाक चुकवलं तर दुसरं सापडतं. कुत्री डोळ्याला डोळा भिडवून बघतात. माणसंही बघतात. त्या नजरा येऊ द्या आणि जाऊ द्या.

कुणी मनात म्हणेल, ही आजाऱ्याची गाडी. त्याला हिचा इतिहास सांगा. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, रेलून चालवायच्या सायकलवर एका तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून तासाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने असल्या सायकली स्पर्धांतून बाद केल्या. आणि तीन चाकं? न्यूरेंबर्गचा घड्याळजी श्टेफान फारफ्लर याला चालता येत नव्हतं. त्याने १६५५ साली हाताने फिरवायची तीनचाकी स्वतःसाठी बनवली. कार्ल ड्राइसची दोनचाकी मानहाइमच्या रस्त्यावर आली ती १८१७ मध्ये. तीन चाकांवर अपंग माणूस आधी बसला, बाकीचे दोन चाकांवर नंतर आले. आज पॅरालिंपिकमध्येही तोल राखता न येणाऱ्यांसाठी तीनचाकीच्या शर्यती असतात.

आता पाय थांबवा. गाडी आपली आपण हळू होऊ द्या. पार्किंगचा ब्रेक लावा, पट्टे सोडवा, लगेच उठू नका.

मनन इथे संपलं, दोन कामाच्या गोष्टी उरल्या. ही गाडी आपल्याकडे सायकलच्या दुकानात सहसा नसते, मागवावी किंवा बनवून घ्यावी लागते, आणि महाग पडते. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टशी बोला आणि शक्य असेल तर कुणाच्या तरी गाडीवर बसून बघा. दुसरी गोष्ट तुमच्या आजूबाजूच्यांसाठी. ट्राइकची रुंदी साधारण ८० सेंटिमीटर असते. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून सायकल ट्रॅकच्या आणि बागांच्या तोंडाशी खांब रोवतात, तिथे ती अडते, आणि चालवणाऱ्याला उतरून ती उचलता येत नाही. ब्रिटनच्या २०२० च्या सरकारी मार्गदर्शिकेत अशा खांबांमध्ये किमान दीड मीटर अंतर सांगितलेलं आहे. तुम्ही सोसायटीत, नगरपालिकेत, बागेच्या समितीवर असाल तर पुढचा खांब रोवण्याआधी टेप लावून मोजा, आणि तेवढी जागा सोडा.