गाठीचे डॉक्टर

कोपरखैरण्याहून निघालेल्या रिक्षात आजीने विचारलं, "ह्यो कसला डॉक्टर हाय?"

फाइलवर होतं तेच मी वाचून दाखवलं. "ऑन्कोलॉजिस्ट."

"म्हंजी?"

"गाठीचे डॉक्टर."

तिने मानेवरच्या गाठीवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि बाहेर बघत बसली.

आदल्या रात्री स्वयंपाकघरात ठरलं होतं. बाबा, आत्या, काका, तिघांचं एकमत. तिला सांगायचं नाही, खचेल. दवाखान्यात तिच्यासोबत मी जाणार होतो, त्यामुळे न सांगण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्यानंतर मला दवाखान्यांच्या पाट्या वाचायची सवय लागली. बोलताना आपण किती सोपं बोलतो: हाडांचा डॉक्टर, डोळ्यांचा, दातांचा, लहान मुलांचा, कान-नाक-घशाचा. कागदावर तेच लोक अस्थिरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ होतात. सरकारी पाटीवर सिव्हिल सर्जनचा 'जिल्हा शल्य चिकित्सक' होतो. माझा आवडता शब्द भूलतज्ज्ञ. त्या दिवसांत ती पदवी मलाच शोभली असती.

पण जिथे भीती सुरू होते तिथे हे सोपं बोलणं थांबतं. 'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द दुसऱ्याच्या घरासाठी असतो, आपल्या घरातल्या माणसासाठी सायकियाट्रिस्ट. आणि कॅन्सरच्या डॉक्टरला तर आपण नावही ठेवलेलं नाही, थेट पत्ता सांगतो: "त्यांना टाटाला दाखवलंय." परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. त्याच संस्थेचं अॅक्ट्रेक आमच्या खारघरला आहे. 'टाटाला' एवढं म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो. म्हणून आमच्या घरात तो शब्दच बंद झाला, चहाच्या पुड्यावरचा सोडून.

प्रश्न इंग्रजी-मराठीचा नव्हता. कॅन्सर हा शब्दही इंग्रजीच, आणि आजीला तो चांगला माहीत होता. म्हणूनच मी त्याच्या शेजारचा, तिला न कळणारा शब्द निवडला.

पुढे एका रात्री मोबाइलवर शोधलं. ऑन्कोलॉजी ग्रीक 'ओंकोस'वरून आलाय. अर्थ: गाठ, फुगवटा. म्हणजे मी आजीला अगदी अचूक भाषांतर करून दिलं होतं! क्षणभर बरं वाटलं. मग 'नरो वा कुंजरो वा' आठवलं. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. युधिष्ठिराचं वाक्य तपासलं तर खोटं नाही. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला, कारण द्रोणांना काय ऐकू जाईल हे त्याला बोलण्याआधीच माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आमच्या बाजूनेही बोलायला हवं. डॉक्टरांच्या आचरणाचे २००२चे नियम आहेत. त्यांत म्हटलंय की आजाराचं गांभीर्य फुगवू नये आणि कमीही करू नये. पण पुढे असंही आहे की रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना आजाराची माहिती असावी, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची असेल तेवढी. त्या 'किंवा'त आमचं अख्खं घर बसत होतं. आणि हे फक्त पळवाट म्हणूनही नाही. आजोबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. त्यांच्या पाठीपासून पोरांच्या फीपर्यंत आमच्याकडे प्रत्येक गोष्ट सगळ्यांची असायची, आजारपणही. आत्याच्या बाळंतपणात मामाआजोबा गेल्याची बातमी बाराव्या दिवसापर्यंत दाबून ठेवणारी आजीच होती.

काही माणसांना खरंच जाणून घ्यायचं नसतं, हेही मला मान्य आहे. पण तो हक्क त्यांचा. 'किती सांगू?' असं आधी त्यांना विचारावं लागतं. आजीच्या बाबतीत तर विचारायचीही गरज नव्हती. "म्हंजी?" असं तिने स्वतःच विचारलं होतं.

ती गेल्यावर महिन्याभराने कळलं. दुसऱ्या केमोच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या कराडच्या एका बाईने तिला सगळं सांगितलं होतं. त्यावर आजी म्हणाली होती, "पोरांस्नी कळू दिऊ नगा, मला ठावं हाय म्हून." त्या बाईनेच हे आत्याला फोनवर सांगितलं.

तेव्हापासून मला चैत्रातला एक दिवस पुन्हा पुन्हा आठवतो. गावची यात्रा आठवड्यावर आली होती, सातारा काही लांब नाही. केमोची तारीख चार दिवस पुढे घेता आली असती का, ते मी डॉक्टरांना विचारलंही नाही, कारण घाईचं कारण घरात कुणी उच्चारणार नव्हतं. कारण तिलाही माहीत होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर आमचं सगळं उघडं पडलं असतं.

"यात्रंला जाऊन येऊ का रं?" तिने एकदाच विचारलं.

"औषधाची तारीख आहे, आजी. पुढच्या वर्षी जाऊ."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय. फुडच्या साली."