‘कशावरून?’ विचारणारा माणूस

नास्तिक म्हणजे जहाल आणि अज्ञेयवादी म्हणजे मवाळ, अशी सरधोपट वाटणी आपल्याकडे रूढ आहे. नास्तिक ठणकावून सांगतो, देव नाही. अज्ञेयवादी म्हणतो, आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे सत्यनारायणाच्या पूजेला आणि लग्नाच्या बोलणीत हा दुसरा माणूस सहज खपून जातो. मला मात्र तो जास्त अवघड वाटतो.

जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सलीने ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ (अज्ञेयवादी) हे नाव 1869 साली लंडनमध्ये स्वतःसाठी घडवलं. भोवतालच्या विद्वानांपैकी प्रत्येकाकडे कसली ना कसली खात्री होती, त्याच्याकडे तेवढी नव्हती. पण त्याची भूमिका नऊ वर्षं आधीच घडली होती, तीही चर्चेच्या टेबलावर नव्हे. सप्टेंबर 1860 मध्ये त्याचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरने गेला. पोराला चार वर्षंही पुरी झाली नव्हती. पाद्री आणि कादंबरीकार चार्ल्स किंग्जलीने सांत्वनाचं पत्र पाठवलं. हक्सलीने दिलेलं उत्तर आजही वाचवत नाही, इतकं सरळ आहे. आत्म्याचं अमरत्व मी मान्य करत नाही आणि नाकारतही नाही, असं त्याने कळवलं. मानायला कारण दिसत नाही आणि खोडायला साधन नाही. केवळ हवंसं वाटतं म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची, हे त्याला पुत्रशोकातही पटलं नाही. दफनाच्या वेळी पाद्र्याने वाचलेल्या वचनाचा आशय असा होता, की मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खाऊन-पिऊन घ्यावं, उद्या मरायचंच आहे. त्यावर हक्सली संतापला. पिल्लू मारलं गेलेलं माकडसुद्धा आपलं दुःख पुरतं भोगतं, लगेच खाण्यावर तुटून पडत नाही, असं त्याने लिहिलं.

याला मवाळ म्हणायचं? ‘असेलही बुवा, कोणी पाहिलंय’ म्हणत परीक्षेच्या आदल्या दिवशी गणपतीला जाऊन येणं म्हणजे अज्ञेयवाद नव्हे, ते तळ्यात-मळ्यात आहे. (त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला तत्त्वज्ञान म्हणू नये.) पुराव्याने सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध झाल्याचा आव आणायचा नाही, हा हक्सलीचा नियम होता आणि तो देव मानणाऱ्याला आणि नाकारणाऱ्याला सारखाच लागू होता.

नास्तिकाचं यावरचं म्हणणं दुबळं नाही. नास्तिक एडवर्ड एव्हलिंग 1881 मध्ये वृद्ध डार्विनला भेटला, तेव्हा दोघांत हाच विषय निघाला. डार्विन स्वतःला अज्ञेयवादी म्हणवत होता. एव्हलिंगच्या मते दोन्ही एकच, फरक फक्त सभ्यपणाचा आणि आक्रमकपणाचा. बर्ट्रांड रसेलनेही पुढे जवळपास कबूल केलं, की तत्त्वज्ञांपुढे मी अज्ञेयवादी, सामान्य माणसापुढे नास्तिक. खरं तर एक प्रश्न ज्ञानाचा आहे, दुसरा विश्वासाचा. देव नसल्याचं मला सिद्ध करता येत नाही आणि मी त्याला मानतही नाही, असं एकाच माणसाला एका दमात म्हणता येतं. उलट, सिद्ध करता येत नाही तरी मी मानतो, असं म्हणणारे भाविकही असतात.

मग फरक पडतो कुठे? माझ्या मते तो देवाच्या असण्यापेक्षा देवाच्या नावाने बोलणाऱ्यापुढे पडतो. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी म्हणून ओळखले जातात. 1891 मध्ये मुलींच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला, तेव्हा हा धर्मात हस्तक्षेप आहे अशी ओरड झाली. टिळक विरोधात होते, आगरकर कायद्याच्या बाजूने. अशा वेळी नास्तिकाला आधी देव नाही हे पटवून द्यावं लागतं, आणि तेवढ्यात सभा उधळते. अज्ञेयवाद्याला ती गरज नसते. परमेश्वराचं स्वरूप कोणालाच कळत नसेल, तर दहा वर्षांच्या मुलीबद्दल त्याची इच्छा काय हे तुम्हाला कुठून कळलं, एवढं विचारलं की पुरतं. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मवाळ माणसासाठी कोणी एवढे कष्ट घेत नाही.

पुढच्या शतकात अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर एकाच व्यासपीठावर बोलत. देवाला आता रिटायर करा, हे लागूंचं सांगणं. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती मात्र देव-धर्माबद्दल तटस्थ होती, शोषणाबद्दल नव्हती. ही तटस्थता म्हणजे अज्ञेयवाद नव्हे, पण तिचा रोख तोच: दावा करणाऱ्याने दावा सिद्ध करावा. लागूंचं बोलणं जास्त धारदार होतं आणि मला ते ऐकायला आवडतं. कायदा मात्र दुसऱ्या वाटेने झाला. ऑगस्ट 2013 मध्ये दाभोलकरांचा खून झाल्यावर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. देव आहे की नाही यावर तो काहीच म्हणत नाही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून त्याच्यावर मंत्रतंत्राचे उपचार करणं त्यानुसार गुन्हा आहे.