आडनाव आणि नोंदवही

फिलिपाईन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर-जनरल क्लावेरिया यांनी यादी काढून लोकांना आडनावे वाटली. काही गावांत बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात! त्यामुळे सारख्या आडनावावरून नाते ठरत नाही. (आपल्याकडचे सगळे डिसोजा तरी कुठे एका घरातले?) पूर्वज शोधणाऱ्याला चर्चमधील बाप्तिस्म्याची जुनी नोंदवहीच उघडावी लागते. तिथे आजीच्या वडिलांच्या नावापुढे एखादे वेळी ‘पिता अज्ञात’ असे आढळते. घरात हे कोणी कधी बोललेले नसते. आजीला सांगावे का? आम्हांला वाटते, यात त्या बाळाची लाज नाहीच. कोणीतरी त्याला हातांवर घेऊन चर्चमध्ये आले, धर्मगुरूंनी त्याचे नाव लिहिले. तरीही आजीने विचारल्याशिवाय आम्ही बोललो नसतो. विचारल्यावर मात्र लपवले नसते.