गुरू नको, दोस्त पाहिजे

गुरुपौर्णिमेच्या आठ दिवस आधीची गोष्ट. रात्रपाळी सुटली होती. केसात कापूस, डोळ्यात झोप. गेटवर आमच्या जुन्या कबड्डी संघातला एक पोरगा उभा. म्हणाला, "सरांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ आणि तुझी एक कविता. तू कवी ना आपला!" मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. सायकल घेतली आणि घरी आलो. झोप काही लागली नाही.

हे सर कोण ते आधी सांगतो. नाव सांगणार नाही. सवर्ण माणूस, शाळेत पीटी शिकवायचे. शाळा सुटली की आमच्या वस्तीमागच्या मोकळ्या जागेत यायचे. आम्हाला कबड्डी शिकवायचे. एक पैसा कुणाकडून घेतला नाही. चढाईला आलेल्याच्या डोळ्याकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं, कारण डोळे फसवतात, पाय फसवत नाहीत, हे त्यांनी शिकवलं. साखळीत हात कसा धरायचा ते शिकवलं. माझा गुडघा सुटला तेव्हा पट्टा त्यांनी स्वतःच्या खिशातून आणला. हे सगळं खरं आहे आणि हे मी विसरलो तर माझ्यासारखा नालायक मीच.

पण आणखी एक गोष्ट खरी आहे. मी सोळा वर्षांचा असताना आम्ही एका गावी स्पर्धेला गेलो. सामना जिंकला. यजमानांनी जेवायला बसवलं. संघातल्या आम्हा तिघांना, भीमनगरच्या तिघांना, गोठ्याच्या बाजूला वेगळं बसवलं. पाणी वरून ओतलं. बाकीचे ओसरीवर. सर पण ओसरीवर. सरांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि जेवले.

बस्स. एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. जेवले.

तर प्रश्न असा आहे. ज्यानं शिकवलं आणि ज्यानं मान खाली घातली तो माणूस एकच आहे. त्याच्याशी माझं नातं काय? तो माझा गुरू? माझा उपकारकर्ता? की दोस्त? आणि दोस्त असेल तर ही दोस्ती कशावर उभी राहायची?

गुरू या शब्दाचा मला राग आहे. तो का आहे हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. एकलव्याची गोष्ट आपल्याला पाळण्यात असल्यापासून सांगतात, आणि वर सांगतात की बघा काय थोर शिष्य! अरे, द्रोणानं शिकवलं कुठं? नकार दिला. पोरगा स्वतःच्या मेहनतीनं शिकला, तरी फी मागायला हा हजर. म्हणजे या परंपरेत शिकवणं हे कर्ज आहे. न दिलेलं कर्जसुद्धा वसूल होतं आणि वसुली अंगठ्याची होते.

पळवणकर बाळूंचं तसंच. चांभाराच्या घरात जन्मलेला हा माणूस पुढे 1911 साली हिंदुस्थानच्या संघातून इंग्लंडला गेला आणि शंभरावर बळी घेऊन आला. पण पुण्यात खेळत असताना गोलंदाजी त्यांची चालायची, चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हात पाहिजे, माणूस नको. खेळाडूचं कसब घेणारे खूप असतात. त्याच्याशी दोस्ती करणारे किती?

या विचारात असताना मी एक पुस्तक वाचलं. इंग्रजी. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. मोबाईलमध्ये डिक्शनरी उघडून, जेवणाच्या सुट्टीत पान-दीड पान करत वाचलं. करीम अब्दुल-जब्बार या काळ्या बास्केटबॉल खेळाडूनं 2017 साली आपल्या कोचवर लिहिलेलं. कोचचं नाव जॉन वूडन. गोरा माणूस, 1910 सालचा जन्म, इंग्रजीचा मास्तर, चर्चला जाणारा. करीम 1947 चा, न्यू यॉर्कचा, सात फूट दोन इंच उंच. तेव्हा नाव होतं लू अल्सिंडॉर. 1965 साली तो लॉस एंजलिसच्या विद्यापीठात वूडनकडे आला. पुढे 1967, 68, 69 अशी सलग तीन वर्षं त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. हा कोच पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवायचा? पायमोजे कसे घालायचे. सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर खेळ गेला. मला आमचे सर आठवले. सर पण आधी पाय बघायचे.

आता त्या काळ्या पोराला दोन कोच भेटले, ते बघा. शाळेतल्या गोऱ्या कोचवर त्याचा जीव होता. एका सामन्यात मध्यंतराला तो कोच ओरडला, तू तसाच खेळतोयस, आणि काळ्यांना देतात ती शिवी घातली. त्याचं म्हणणं होतं की पोराला पेटवायला बोललो. पोरगा पेटला नाही, तुटला. बरीच वर्षं तुटलेलाच राहिला. पुढे कधीतरी समेट झाला.

वूडननं कधी शिवी दिली नाही. पण एकदा संघासोबत जेवायला गेले असताना एका गोऱ्या म्हातारीनं त्या पोराची उंची विचारली, आणि त्याच्या तोंडावर तीच शिवी वापरून म्हणाली, एवढा उंच मी कधी पाहिला नव्हता. वूडन तिथंच उभा होता. काही बोलला नाही.

मित्रहो, मी ते पान वाचलं आणि पुस्तक बंद केलं. कारण ती ओसरी मला माहीत होती.

पण या गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा. ती गप्प बसण्याची गोष्ट वूडनला वर्षानुवर्षं बोचत राहिली आणि तो ते बोलला. माणूस माणसाशी किती अमानुष वागतो हे मी याच पोराकडून शिकलो, असंही तो पुढे सांगत असे. लक्षात घ्या, कोच म्हणतोय की मी खेळाडूकडून शिकलो. द्रोणाच्या तोंडी हे वाक्य घालून बघा. बसत नाही.

याच वूडननं 1947 साली, दुसऱ्या एका कॉलेजात कोच असताना, एका स्पर्धेचं आमंत्रण नाकारलं होतं. कारण त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती आणि त्याच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा काळा पोरगा होता. पुढच्या वर्षी संघ गेला आणि वॉकर खेळला. म्हणजे एकाच माणसानं एकदा पाय रोवला आणि एकदा जीभ गिळली. माणसं अशीच असतात. सरळ रेषेत नसतात.

वूडन 1975 साली निवृत्त झाला. करीम 1989 ला खेळातून बाहेर पडला. आणि खरी दोस्ती त्यानंतर वाढली. दोघं एकत्र बसून जुने सिनेमे बघायचे, पुस्तकांवर बोलायचे. एक ख्रिश्चन, एक मुसलमान. एक जुन्या वळणाचा, एक बंडखोर. वूडन 2010 साली वारला, वय नव्व्याण्णव. पंचेचाळीस वर्षांचं नातं.

यावरून मला तीन गोष्टी सुचतात. चुकत असेन तर सांगा.

एक. कोच कोच असतो तोवर दोस्ती होऊच शकत नाही. कारण सातजणांची यादी त्याच्या हातात असते. ज्याच्या हातात यादी, त्याच्याशी आपण हसतो ते खरं हसणं की भीतीचं, हे आपल्यालाच कळत नाही. गिरणीत मुकादमाशी हसतो तसं. यादी संपली, देण्यासारखं काही उरलं नाही, घेण्यासारखं काही उरलं नाही, त्यानंतर जो दार वाजवतो तो दोस्त. म्हणून 'माजी' या शब्दात सगळी गंमत आहे.

दोन. दोस्तीत जुनी गोष्ट बोलता आली पाहिजे. उपकाराखाली दबलेला माणूस बोलत नाही. तो शाल देतो, कविता वाचतो आणि घरी येऊन कुढतो. कृतज्ञता वेगळी आणि कर्ज वेगळं. कृतज्ञ माणूस मान वर करून बोलू शकतो. कर्जदार बोलू शकत नाही.

तीन. शिकणं दोन्ही बाजूंनी चाललं पाहिजे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सांगितलंय की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. मार्ग दाखवणाऱ्यासोबत चालता येतं. मोक्ष देणाऱ्याच्या फक्त पाया पडता येतं.

माझा एक कार्यकर्ता दोस्त म्हणतो, "एक सवर्ण चांगला निघाला म्हणून जात मोडते काय? तू भावनेत वाहतोयस." त्याचं म्हणणं खरं आहे. जात नाही मोडत. पण करीमनं काय केलं बघा. 1967 मध्ये महंमद अलीनं लष्करात जायला नकार दिला, तेव्हा त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या काळ्या खेळाडूंत हा वीस वर्षांचा पोरगा होता. 1968 च्या ऑलिंपिकला तो गेला नाही. आणि त्याच काळात तो वूडनकडे खेळत होता. लढाई लढाईच्या जागी, दोस्ती दोस्तीच्या जागी. दोस्तीसाठी लढाई सोडली तर ती लाचारी. पण लढाई आहे म्हणून एकही माणूस जोडायचा नाही, असं बाबासाहेबांनी कुठं सांगितलंय? 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावलं की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरच्या रंगासारखं राहील.

आणि त्याच भाषणात ते राजकारणातल्या भक्तीबद्दलही बोलले. ती अधोगतीकडे नेते म्हणाले. हे मी आपल्याला उद्देशून लिहितोय. आपण वस्तीत पोरांचे वर्ग घेतो, मोर्चाला नेतो, भाषण शिकवतो. आपणही कोच आहोत. यादी आपल्याही हातात असते: स्टेजवर कोण, सतरंजी कोण उचलणार. आपल्यातही द्रोण कमी नाहीत. पोरगं जरा वेगळं बोललं की अंगठा मागतो आपण. दहा वर्षांनी तुमच्या वर्गातलं पोरगं, कुठलंही काम नसताना, तुमच्याकडे चहाला येईल का? आलं आणि म्हणालं, "दादा, त्या दिवशी तुम्ही चुकलात," तर तुम्हाला ऐकवेल का? चळवळीत किती माणसं जमली ते आपण मोजतो. हे पण मोजा.

आता सरांचं सांगतो आणि थांबतो.

सत्काराला मी गेलो नाही. त्याआधी साप्ताहिक सुट्टी होती त्या दिवशी एकटा त्यांच्या घरी गेलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. चहा झाला. मी म्हणालो, "सर, एक विचारू? त्या गावात आम्हाला गोठ्यापाशी बसवलं होतं. तुम्ही बघितलं होतं."

सर म्हणाले, "कुठल्या गावात?"

त्यांना आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं जे उराशी घेऊन फिरलो ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. मला वाटलं, उठावं. उठलो पण. दारापर्यंत ते काठी टेकत आले, काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. मी पाळीवर होतो, साच्यांच्या आवाजात ऐकू येईना, बाहेर गेलो. सर म्हणाले, "आठवलं. झुणका होता. मी दोनदा मागून घेतला." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी उठायला पाहिजे होतं रे."

मी "हं" म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. माफ केलं असं म्हणालो नाही, कारण बाकी दोघांच्या वतीनं माफ करणारा मी कोण? ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचे नंबर दे."

दिले. त्यांनी फोन केला की नाही हे मी अजून विचारलेलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना चालायला घेऊन जातो. ते माझ्या दंडाला धरतात. पाया पडत नाही. त्यांनाही आता ते नको आहे.

जय भीम.