प्रत्येकाला एकेक

शास्त्रपाठ : २ शमुवेल ६:१७-१९, १ करिंथ. ११:२०-२२, ३३



आजच्या शास्त्रभागात एक राजा लोकांना खाऊ वाटताना दिसतो. कराराचा कोश ओबेद-अदोमाच्या घरून दावीदनगरात आणला गेला, होमार्पणे व शांत्यर्पणे झाली, राजाने परमेश्वराच्या नावाने लोकांना आशीर्वाद दिला. आणि मग, शास्त्रलेखक आवर्जून नोंदवितो, इस्राएलाच्या सर्व समुदायास, पुरुषांप्रमाणेच स्त्रियांसही, प्रत्येकी एक भाकर व आणखी दोन पदार्थ देऊन त्याने त्यांना घरी पाठविले.

हे आणखी दोन पदार्थ कोणते, या प्रश्नाने भाषांतरकाराची झोप उडते. पहिल्याला हिब्रूत ‘एश्पार’ असा शब्द आहे. तो संपूर्ण जुन्या करारात येथे आणि १ इतिहास १६:३ या समांतर वचनात, असा दोनदाच येतो. त्याचा अर्थ कोणी मांसाचा वाटा असा करतात, कोणी खजुराची ढेप असा. दुसरा शब्द ‘अशीशा’. १६११ सालच्या इंग्रज भाषांतरकारांनी याचे द्राक्षारसाचे भांडे करून टाकले होते! आज अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे की ही वाळविलेल्या द्राक्षांची दाबून केलेली ढेप होती. म्हणजे फळांचा केकच म्हणा ना. पण ‘ढेप’ म्हटले की आपल्या खेड्यातील वाचकाला गूळ आठवतो, ‘वडी’ म्हटले तर फार चिमुकली वाटते आणि ‘केक’ म्हटले तर एकदम नाताळ उभा राहतो. अशा एका शब्दापायी भाषांतरसमितीचे दोन दिवस सहज जातात, हे मी अनुभवाने सांगते.

तथापि त्याच वचनातील एका शब्दाबद्दल कोणाचाही वाद नाही. तो शब्द म्हणजे ‘एक’. मूळ वाक्यात तो तीनदा आला आहे : भाकर एक, एश्पार एक, अशीशा एक. पदार्थ काय होता हे पुसट झाले. प्रत्येकाला मिळाला, हे मात्र तीन हजार वर्षांनंतरही स्वच्छ वाचता येते.

माझे वास्तव्य बंगळूरला आहे. भारतीय बायबल सोसायटीचे मध्यवर्ती कार्यालय याच शहरात आहे, आणि भाषांतराच्या कामासाठी येथे आलेल्या माझ्यासारखीला मराठी कानांवर पडावी म्हणून आम्ही काही कुटुंबे महिन्यातून एकदा एखाद्याच्या घरी उपासनेला जमतो. काही वर्षांपूर्वी ही सभा माझ्या घरी होती. मी बेकरीतून मोठा गोल, दोन मजली, क्रीमची फुले असलेला केक मागविला. सुरी एका मान्यवर पाहुण्यांच्या हाती दिली. त्यांनी उदार हाताने पाचरी कापल्या, फुले पुढच्या रांगेत गेली. नऊच्या सुमारास रुग्णालयातील पाळी संपवून, दोन बस बदलून जालन्याकडची एक तरुण परिचारिका आली. तेव्हा पुठ्ठ्यावर क्रीमचे ओरखडे तेवढे शिल्लक होते. ती हसली, “असू दे ताई,” म्हणाली, आणि आत जाऊन आमच्या बशा विसळू लागली. इमारतीच्या पहारेकऱ्यासाठी मात्र मी आधीच थोडा चुरा काढून ठेवला होता, आणि तोही वेगळ्या बशीत. वाचकहो, वेगळ्या बशीचा अर्थ आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना कोणी समजावून सांगावा लागला नव्हता. त्यांची नात असूनही मी ती बशी काढली.

पुढच्या सभेला ती मुलगी आली नाही. त्यापुढच्याही नाही.

त्या सुमारास माझ्या मेजावर करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय होता. रोमी घरातील भोजनकक्षात तीन बाकांवर साधारण नऊ माणसे टेकून बसत, बाकीचे अंगणात. ज्यांचा वेळ स्वतःच्या मालकीचा होता ते लवकर येत. दासांना व मजुरांना धन्याचे काम आटोपल्यावरच निघता येई. ते पोहोचेपर्यंत कोणी तृप्त होऊन झिंगलेला असे, आणि यांच्या वाट्याला भूक येई. पौल अशा जेवणाला प्रभुभोजन म्हणायला साफ नकार देतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहावयास लावता काय, असा त्याचा सवाल आहे. आणि तेहेतिसाव्या वचनात तो उपाय सांगतो, तो एकाच क्रियापदात : ‘एक्देखेस्थे’. याचा अर्थ ‘एकमेकांची वाट पाहा’ असा होतो, ‘एकमेकांना सामावून घ्या’ असाही होऊ शकतो. आमच्या समितीत दोन्ही बाजूंनी जोरदार मते पडली. मला स्वतःला ‘वाट पाहा’ हेच बरे वाटते. स्वागत करणे सोपे असते. भूक लागलेली असताना वाट पाहणे कठीण.

यानंतर मी गोल केक सोडला आणि चौकोनी ट्रेमधला साधा, फळे लावलेला केक शिकले. कृती सांगते, कारण प्रस्तुत प्रवचनाचा तो भागच आहे. तेरा इंच लांब व नऊ इंच रुंद ट्रे घ्यावा. दोनशे ग्रॅम लोणी व तितकीच साखर पांढरी होईस्तोवर फेसावी, एकेक करून ४ अंडी घालावीत, मग ३०० ग्रॅम मैदा, ३ चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ व अर्धी वाटी दूध. मंडळीत अंडे न खाणारे असतील तर अंड्यांऐवजी वाटीभर घट्ट दही व अर्धा चमचा सोडा चालतो. बंगळूरच्या गल्लोगल्लीच्या अय्यंगार बेकऱ्यांनी बिनअंड्याच्या केकवर पिढ्या वाढविल्या आहेत, तेव्हा नाक मुरडू नये. मिश्रण घट्टसरच हवे, नाहीतर फळ तळाशी जाते. अननसाच्या फोडी चाळणीत निथळून फडक्याने टिपून घ्याव्यात. येथील ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षे रसाला उत्तम, पण केकवर घालू नयेत. बिया दाताखाली येतात. भट्टी १८० अंशांवर ठेवावी, ३५ ते ४० मिनिटे. मधोमध काडी खुपसून पाहावी. होशेय ७:८ मधील न उलटलेल्या भाकरीप्रमाणे आपले केकही पुष्कळदा कडेला करपतात आणि पोटात कच्चे राहतात.

आता महत्त्वाचे. फळ लावण्यापूर्वीच मनाशी रेषा आखाव्या लागतात : लांबीत सहा, रुंदीत चार, म्हणजे २४ चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक फोड. अशा केकला मानाची बाजू नसते, वरचा मजला नसतो, गुलाबाचे फूल एकच नसते. किती जण येणार हे आधी मोजावे लागते, आणि मोजताना जे उशिरा येतात त्यांची नावे तोंडून घ्यावीच लागतात. मला वाटते, दावीदाच्या कोठारातही त्या दिवशी कोणीतरी असेच मोजले असावे. (मीखल मात्र खिडकीतच उभी राहिली. तिला तिचा वाटा मिळाला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. मला तो प्रश्न नेहमी टोचतो.)

पंडिता रमाबाईंची येथे आठवण होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्या आवारात त्या शब्द तोलत होत्या त्याच आवारात दुष्काळातून आलेल्या शेकडो स्त्रियामुलींसाठी दळण दळले जात होते. त्यांना भाषा सोपी हवी होती, ती या जेवणाऱ्या बायकांना कळावी म्हणून. शब्द आणि भाकर यांची मापे त्या घरात वेगळी नव्हती. आमच्या वातानुकूलित समित्यांमध्ये ती वेगळी होतात.

त्या परिचारिकेचा पत्ता मी मिळविला. ती गावाकडे परतली होती. मी क्षमा मागणारे लांबलचक पत्र लिहिले. केकचा, बशीचा, करिंथकरांचा, सगळ्याचा उल्लेख केला. उत्तर आले ते चार ओळींचे. केकचे तिला फारसे आठवतही नव्हते. त्या दिवशी ती सकाळपासून उपाशी होती, आणि “जेवलीस का?” असे कोणी विचारले नाही, एवढे तिच्या लक्षात होते.

म्हणून आता आमच्या सभेला केकच्या ट्रेशेजारी खिचडीचे पातेलेही असते. उपासना संपली तरी साडेनऊपर्यंत कोणी सुरी उचलत नाही. पहारेकरी दादा फाटकाला कडी घालून वर येतात, सर्वांबरोबर सतरंजीवर बसतात आणि सगळ्यांच्याच बशीत खातात. अननस त्यांना आंबट लागतो, असे ते म्हणतात. म्हणून पुढच्या महिन्यात एलक्की केळी लावणार आहे.