डॉक्टरसाहेब, हे लिहून द्याल का?

अडाणी माणसाने अफवा पसरवली तर त्याला समजावता येते. पण अफवेवर डॉक्टरांचाच विश्वास बसला तर रुग्णाने काय करावे?

वाशिम जिल्ह्यातील आम्हा उर्दू शिक्षकांना हा प्रश्न शाळेच्या दारातच भेटला. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना लस द्यायची होती. ‘या लसीने पुढे मूलबाळ होत नाही’ ही अफवा मोबाइलवरून घरोघर पोहोचलेली. आम्ही पालकांची समजूत काढत होतो, तोच एक जण म्हणाले, “सर, आमचे डॉक्टरच नको म्हणतात.” तिथे आमच्या बी.एड.चे काही चालेना.

संशयाला कारणेच नसतात असे नाही. बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने २०११ मध्ये अबोटाबादला लसीकरणाचा बनाव रचला होता. पण हेतू खोटा होता म्हणून लस खोटी ठरत नाही. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, तेव्हा तिसऱ्या आगाखानांनीही ती सर्वांसमक्ष घेतली. पोलिओच्या थेंबांबद्दलही आपल्या मोहल्ल्यांत हेच बोलले गेले. मात्र १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही.

आपल्याकडे डॉक्टरांना उलट विचारणे म्हणजे बेअदबी. आम्हांला तसे वाटत नाही. अदब राखून एवढेच म्हणावे, “डॉक्टरसाहेब, हे चिठ्ठीवर लिहून द्याल का?” २००२ च्या नियमांनुसार चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि मागितल्यास रुग्णाचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. मुलाला खरोखर लस चालत नसेल तर डॉक्टर कारण खुशाल लिहितील. जे सहीनिशी लिहिता येत नाही, ते वैद्यकशास्त्र नव्हे. ते त्या माणसाचे खासगी मत.

तरीही अफवाच लिहून दिली तर? तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्यावा. गरज पडल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करावी. युनानी आणि होमिओपॅथी डॉक्टरांसाठी वेगळ्या परिषदा आहेत.

अवघड आहे, हे आम्ही जाणतो. त्याच डॉक्टरांनी कधी मध्यरात्री दार उघडून आपल्या लेकराचा ताप उतरवलेला असतो. तो उपकार जन्मभर मानावा. पण लेकरू आपल्याकडे अमानत आहे, आणि उपकाराची फेड अमानतीतून करता येत नाही.