उंबरा नसलेल्या दुकानाचे नाव

दुकानाचे नाव ही गोष्ट आपण कधी फारशा गांभीर्याने घेतली नाही. मूल जन्माला आले की आद्याक्षर काढतो, आत्याला बोलावतो, कानात नाव सांगतो, घुगऱ्या वाटतो. दुकानाच्या बाबतीत मात्र कुलदैवताचे, नाही तर वडिलांचे नाव, एवढ्यावर काम भागते. आणि ते भागत आले याचे कारण असे की, गावातल्या दुकानाला पाटीवरच्या नावाची खरी गरजच नसते. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत जाणारे गिऱ्हाईक पाटी वाचून दुकानाची पायरी चढत नाही. 'अण्णांकडून आण', 'कोपऱ्यावरच्या मामांकडे मिळेल' असे सांगून घरची माणसे पाठवतात. पाटीवर अमुक प्रसन्न आणि तमुक स्टोअर्स काहीही असो, दुकानाचे चालते नाव लोकांनी ठेवलेले असते. ते अर्ज करून मिळत नाही. वीस-तीस वर्षे वजन बरोबर दिले म्हणजे मिळते. वजनात मारले तरीही एक नाव मिळतेच. फक्त ते मालकासमोर कोणी घेत नाही.

हल्ली घराघरांतून जी छोटी ऑनलाइन दुकाने निघाली आहेत, त्यांना यातले काहीच नाही. पायरी नाही, गल्ला नाही, उंबरा नाही. मोबाइलवर एक पान, चार छायाचित्रे, पैसे भरण्याची सोय आणि माल पोचवायला कुरिअर. गिऱ्हाईक इंदूरला असेल, बडोद्याला असेल. त्याला मालक दिसत नाही, मालाचा वास येत नाही, शेजारच्या दुकानदाराला डोळ्यांनी विचारण्याची सोय नाही. त्याच्या हाती पडते ते फक्त नाव. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने सासूच्या हातची शेंगांची चटणी आणि मेतकूट असे विकायचे ठरवले, तेव्हा ती मला म्हणाली, "काका, एखादं नाव सुचवा की. आता नावावरच सगळं चालतंय बघा." तिने हे सहज म्हटले. मला मात्र त्यात एक जुना नैतिक प्रश्न नव्या कपड्यांत उभा असलेला दिसला. नाव ठेवणारा माणूस त्या नावाने नेमका कशाला बांधला जातो?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात उदाहरण दिले आहे ते एका दुकानदाराचेच. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जादा भाव लावत नाही. लहान मूल आले तरी त्याला तोच भाव. कांट विचारतो, हा प्रामाणिकपणा कशामुळे? कर्तव्य म्हणून, की पेढीचे नाव राहावे म्हणून? वागणूक दोन्हीकडे सारखीच दिसते. पण दुसऱ्या कारणाने केलेल्या वागणुकीला कांट नैतिक मूल्य देत नाही. लहानपणापासून बाजारपेठ पाहिलेल्या माणसाला हे थोडे कठोर वाटते. वाण्याचा प्रामाणिकपणा हिशेबी असला तरी चटणीत भेसळ नसली म्हणजे झाले, असे आपण म्हणू. पण कांटचा मुद्दा आज ध्यानात येतो तो वेगळ्याच वाटेने. गल्लीतल्या दुकानदाराची कसोटी कधी पुरती लागतच नव्हती, कारण त्याला पळता येत नव्हते. नाव त्याच्या अंगाला चिकटलेले होते. आज दुकानाचा रोमन अक्षरांतला पत्ता काही शे रुपयांत वर्षभरासाठी नोंदवता येतो. तक्रारी साचल्या की ते पान बंद करायचे आणि सोमवारी नव्या नावाने उघडायचे. नाव अंगरख्यासारखे उतरवून ठेवता येऊ लागले, तेव्हा कांटच्या दुकानदाराची परीक्षा सुरू झाली.

म्हणून नाव आकर्षक हवे, सोपे हवे, लक्षात राहणारे हवे, या जाहिरातवाल्यांच्या तिन्ही अटी मान्य करूनही मी एक चौथी अट घालीन. नाव असे असावे की ते सहजी टाकून देता येऊ नये.

ही अट लावून पाहिली म्हणजे बाजारातली बरीच नावे गळून पडतात. 'आजी' हा शब्द घ्या. लोणच्याच्या बरणीवर, लाडवाच्या डब्यावर, मसाल्याच्या पाकिटावर आज इतक्या आज्या बसल्या आहेत की, त्यातली एकही स्वयंपाकघरात नसावी अशी शंका येते. 'घरगुती' या शब्दाचे तसेच. ज्या मालाला यंत्र लागले, पगारी माणसे लागली, गोदाम लागले, तो माल वाईट नसतो. तो घरगुती नसतो, एवढेच. तसे सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटावी ती दुसऱ्या गोष्टीची. 'आजी' म्हणताना आपण गिऱ्हाइकाच्या मनातल्या त्याच्या स्वतःच्या आजीला आपल्या दुकानात फुकट राबवतो. तिने मिळवलेला विश्वास आपल्या गल्ल्यात जमा होतो. आणि माल बिघडला तर ती आजी जबाबदार नसते, कारण ती कोणाचीच नसते. टाकून द्यायला यापेक्षा सोपे नाव नाही.

गावाच्या नावाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. शेंगांची चटणी म्हटली की सोलापूरचे नाव घेतले जाते. आमच्या सूनबाईंची चटणी कुटली जाणार बेळगावात. पण सासूबाईंचे माहेर सोलापूरकडचे, हात तिकडचा. तर मग ती सोलापुरी म्हणावी का? इथे आपल्या भाषेनेच एक सुरेख भेद करून ठेवला आहे. 'सोलापूरची चटणी' म्हटले की ती तिथून आली. 'सोलापुरी चटणी' म्हटले की तिची रीत तिकडची. '-ची' हा मुक्काम सांगतो, '-ई' वळण सांगते. पाकिटावर 'सोलापुरी पद्धतीची, बेळगावात केलेली' असे दोन्ही लिहिले, तर त्यात कोणाची फसवणूक नाही, आणि सोलापूरचेही काही गेले नाही. लबाडी होते ती वळणाचा शब्द वापरून मुक्कामाचा भास निर्माण करण्यात.

या भेदाला सीमाभागात फार मोठे उदाहरण आहे. कोल्हापुरी चप्पल हे नाव कोल्हापूरचे. पण चप्पल अथणी आणि निपाणीकडेही पिढ्यान्‌पिढ्या होत आली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते एका गावाला मिळाले नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळाले, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे एकत्र आली. महाराष्ट्र २००४ साली सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात ही दोन राज्ये एकमेकांसमोर उभी आहेत. चपलेच्या नावाखाली मात्र ती शेजारी शेजारी बसली. आठ जिल्ह्यांतले नाव कोणा एकाच्या मालकीचे नसते. ज्याच्या हाती ते येते तो त्याचा विश्वस्त असतो. त्याने कमअस्सल माल विकला तर नऊ ठिकाणच्या नव्हे, नव्वद घरांच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला नुसत्या चामडी सँडल म्हणून मांडल्या, आणि ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. आपल्याला राग आला तो योग्यच होता. पण जे नाव आपण तिथे मागितले, त्या नावाखाली चप्पल शिवणाऱ्या चर्मकाराचे नाव आपण तरी कधी विचारले होते? गावाचे नाव जगभर गेले, हाताचे नाव गल्लीतही राहिले नाही.

इथे माझ्या चौथ्या अटीला एक मोठा अपवाद समोर येतो, आणि तो टाळून चालणार नाही. नाव लपवणारा प्रत्येक माणूस पळपुटा नसतो. ज्या आडनावावरून जात ओळखली जाते, त्या आडनावाच्या बाईने लाडू विकताना ते पाटीवर घातले नाही, तर तिला अप्रामाणिक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. धर्मावरून, भाषेवरून गिऱ्हाईक तुटते हे ज्याने भोगले आहे, त्याने फुलाचे, नदीचे, नाही तर निरर्थक गोड अक्षरांचे नाव घेतले तर तो आडोसा आहे. आडोसा दोन कारणांसाठी घेतला जातो: दगड चुकवण्यासाठी आणि जाब चुकवण्यासाठी. पहिल्याला आपण माफी द्यायची नाही, उलट त्याची माफी मागायची आहे. दुसऱ्याला ओळखायची खूण सोपी आहे. पहिला माणूस नाव लपवतो, पण पत्ता देतो, फोन उचलतो, बिघडलेला माल परत घेतो. दुसरा नाव मोठे लिहितो आणि फोन उचलत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार कोठे करायची ते उघड करणे बंधनकारक केले, त्यामागचे तत्त्व हेच आहे. दुकानाचे नाव फुलाचे असू द्या. जाब द्यायला माणूस हवा.

सीमाभागातल्या माणसाला भाषेचा प्रश्न तर पावलोपावली आहे. रस्त्यावरच्या दुकानाची पाटी आपल्याकडे नुसती पाटी नसते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे आवश्यक झाले. मोबाइलवरच्या पानाला असा रस्त्यावरचा फलकच नसतो. तिथे तुम्ही एकटे असता आणि निवड तुमची असते. मग बरेच जण दोन्ही भाषा सोडून एखादे इंग्रजी वळणाचे नाव घेतात, म्हणजे कोणीच नाराज नको. मला ते पटत नाही, पण त्याचे कारण भाषाभिमान नव्हे. असे नाव कोणत्याच घरातून आलेले नसते, म्हणून ते सोडताना कोणतेच घर दुखत नाही. त्यापेक्षा दोन्ही घरांत नांदणारे शब्द आपल्याकडे थोडे आहेत का? अक्का, अण्णा, कुंदा, शेंगा, चटणी हे शब्द मराठी माणूस आणि कन्नड माणूस आपापले म्हणून वापरतो. गोकाकचा करदंट तर शब्दानेही कन्नडच, आणि आपण तो हक्काने मागतो. एक गंमत पाहा. बेळगाव म्हणा की बेळगावी, दोन्ही भाषांतल्या नावात 'ळ' आहे. इंग्रजीने आधी 'बेल्गॉम' केले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बदलले, तरी रोमन अक्षरांत तो 'ळ' काही आला नाही. ज्या अक्षरावर दोन्ही शेजाऱ्यांचे एकमत आहे, तेच पत्त्याच्या पट्टीत लिहिता येत नाही! २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असा पत्ता घेण्याची सोय आहे. निदान पाकिटावरच्या चिठ्ठीवर तरी दोन्ही लिप्यांत तो 'ळ' जपायला कोणाची हरकत नसावी.

नाव ठरले की ते पसरवण्याची घाई सुरू होते, आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. ओळखीच्या दहा जणांना सांगून पाच-पाच तारे लावून घेणे, मेहुण्याकडून 'अप्रतिम चव' असे लिहवून घेणे, कोठीत दोनशे पाकिटे असताना 'फक्त तीन शिल्लक' असे झळकवणे, याला आता धंद्याची हुशारी समजतात. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये, असे २०२० चे नियम सांगतात. खोटी घाई उडवणे हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या क्लृप्त्यांपैकी एक म्हणून नोंदवला आहे. पण नियम बाजूला ठेवूनही विचार करावा. लोकांनी दिलेले नाव वीस वर्षांनी मिळत असे, ते आपण वीस मिनिटांत स्वतःच स्वतःला देऊ पाहतो. गल्लीच्या तोंडचे शब्द आपणच लिहिले, तर खरी गल्ली बोलेल तेव्हा ती कोणाला ऐकू येणार?

सूनबाईंनी शेवटी सासूबाईंचेच नाव दुकानाला द्यायचे म्हटले, तेव्हा त्या माउलीने कानांवर हात ठेवले. "माझं नाव नको गं. चटणी खवट निघाली तर शिव्या मलाच की!" साऱ्या चर्चेचे सार मला त्या एका वाक्यात सापडले. खवट निघालेल्या चटणीच्या शिव्या ज्याच्यापर्यंत पोचतात, तेच नाव खरे. ज्या नावाला शिवी लागत नाही, त्याला शाबासकीही लागत नाही. ते नुसते रंगवलेले अक्षर.

तेव्हा उंबरा नसलेल्या दुकानाने उंबऱ्याचे काम नावाकडून करून घ्यावे, असे मला वाटते. उंबऱ्याच्या आत घर असते आणि बाहेर जग. मालक त्यावर उभा राहून दोघांनाही दिसतो. नाव ठरवताना दोन माणसांना ते मोठ्याने वाचून दाखवावे: एक, जिच्या हातांनी माल होतो ती, आणि दुसरा, आपली भाषा न बोलणारा शेजारी. दोघांनी मान खाली न घालता ते ऐकले, तर ते ठेवावे. ते फार चटपटीत नसेल. स्पर्धेत चार पावले मागेही राहील. पण दहा वर्षांनी धंद्याला वाईट दिवस आले, तर त्या नावाला सोडून कुठे जायचे हा विचार मनात येणार नाही, आणि बहुधा तेवढ्यानेच ते दिवस निभावून नेण्याचे बळ येईल.